वाजत राहिलेले टाळ

ज्ञानाची लक्षणं सांगताना गीतेच्या तेराव्या अध्यायात सर्वांत आधी येतं ते अमानित्व. आपल्याला मान मिळावा ही इच्छाच नसणं. ज्ञानेश्वर महाराजांनी त्यावर भरभरून लिहिलं आहे, आणि पारायणाला बसले की मी नेमकी तिथेच अडते. मी सरकारी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर आहे. ड्यूट्या लावायच्या, औषधांचा साठा बघायचा, चुकलेल्याला जाब विचारायचा, हे माझं काम. मान नको म्हणणाऱ्या बाईचं वॉर्डात ऐकणार कोण?

माझ्या आधीच्या सिस्टरांनी जाताना बजावलं होतं, "पोरींना डोक्यावर बसवू नकोस." त्या फार कडक. त्यांच्यासमोर ओव्हर देताना, म्हणजे पाळी संपताना वॉर्डाची हकीकत सांगताना, कोणी ब्र काढत नसे. "सगळे पेशंट ठीक," एवढंच. मला त्या शांततेची भीती वाटायची. भरलेल्या वॉर्डात अख्खी रात्र सगळं ठीक जाणं शक्यच नाही. कुणाची सलाईनची सुई निघालेली असते, कुणाचं इंजेक्शन उशिरा गेलेलं असतं. ते पोटात ठेवून पोरी घरी जायच्या आणि भोगायचं पेशंटनं.

मला वाट दिसली ती आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखीत. या सोहळ्याला आजची शिस्त लावली एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी. मुक्कामाच्या तळावर संध्याकाळी समाज आरती होते, ती प्रत्येकानं एकदा तरी बघावी. दिंड्या पालखीभोवती उभ्या असतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड उंच करून 'हो' अशी आरोळी देतात आणि एवढा जनसमुदाय क्षणात गप्प होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती गप्प होत नाही. तिचे टाळ वाजत राहतात. मग चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, निवाडा करतात. त्यानंतर हरवल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या निघायची वेळ सांगितली जाते, आणि मग आरती.

दंड उचलल्यावर कुणी वाजवत राहिलं, तर दुसरीकडे तो उद्धटपणा ठरला असता. इथे चोपदार त्या आवाजाच्या दिशेनं चालत जातात. शांतता मागायची ती तक्रार ऐकू यावी म्हणून, हे मला तिथे कळलं. आणि दंड माउलींच्या नावानं उचललेला असतो, म्हणून टाळ वाजत राहिले तरी त्यात चोपदारांचा अपमान होत नाही. अमानित्वाचा अर्थ मला इथे लागला. अधिकार ज्याच्यासाठी आहे त्याच्यावर नजर ठेवली, तर आपल्या मानाची राखण करत बसावं लागत नाही. वॉर्डात तो अधिकार खाटेवरच्या माणसासाठी आहे.

आता सकाळची ओव्हर घेताना मी आधी विचारते, "रात्री काय राहिलं?" एकदा एक नवी मुलगी ओठ दाबून उभी होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "सिस्टर, दोनचं इंजेक्शन चारला दिलंय. पलीकडच्या आजोबांना झटके येत होते, आणि जोडीदारीण दुसऱ्या पेशंटला घेऊन सीटी स्कॅनला गेली होती." चार्टवर तिनं वेळ दोनचीच टाकली होती. मी तिला खरी वेळ लिहायला लावली, डॉक्टरांना सांगायला लावलं, खोटी वेळ टाकल्याबद्दल बोललेही. पण राऊंड होईपर्यंत मी तिच्या शेजारीच उभी होते.

यानं शिस्त ढिली पडते असं म्हणणारे मला भेटतात. पालखीत गाऱ्हाणं ऐकून झालं की चोपदारांचा शब्द चालतो आणि दुसऱ्या दिवशी सोहळा ठरल्या वेळी निघतो. ऐकून घेणं म्हणजे मान डोलावणं नव्हे.

मला खरा राग येतो तो निराळ्याच गोष्टीचा. काही वरिष्ठ नम्रतेनं हात जोडून म्हणतात, "मी कोण करणारा? कर्ता करविता तो." कौतुक होत असताना हे म्हणावं, जरूर म्हणावं. पण काही बिघडल्यावर तेच वाक्य पुढे करणं म्हणजे देवाच्या आड लपणं आहे. रात्रपाळीला माणसं कमी पडतात, ही तक्रार सोडवणं माझ्या हातात नाही. ती लेखी वर पाठवणं आहे. त्या मुलीच्या ओव्हरनंतर मी मेट्रनबाईंना पत्र दिलं. त्यात उशिरा गेलेल्या इंजेक्शनची वेळ होती, त्या वेळी वॉर्डात एकच सिस्टर होती हे होतं, आणि खाली सही फक्त माझी.