एकच साधन, दोन न्याय

मी वसईत स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि दर रविवारी मिस्साला जाते. या दोन गोष्टींचं एरवी भांडण होत नाही; होतं ते गर्भनिरोधनावरून. पोप सहावे पॉल यांनी १९६८ साली ‘ह्युमाने व्हिते’ या विश्वपत्रात कृत्रिम साधनं नाकारली. मात्र पंधराव्या परिच्छेदात एक वाट मोकळी ठेवली: शरीराचा आजार बरा करण्यासाठी लागणाऱ्या उपचारामुळे गर्भ राहण्यात अडथळा आला तर तो दोष नाही. फक्त तो अडथळा हाच हेतू असता कामा नये.

माझ्याकडे येणाऱ्या एका बाईच्या हृदयात धातूची झडप आहे. रक्त पातळ ठेवायला ती वॉरफरिन घेते, त्यामुळे पाळीत अतोनात स्राव. तांबी बसवावी तर स्राव आणखी वाढणार. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी गुठळी होण्याची भीती. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत त्या अशा रुग्णाला चौथ्या, म्हणजे वर्ज्य गटात. मी गर्भाशयात मिरेना हे हार्मोन सोडणारं गर्भनिरोधक साधन बसवलं आणि स्राव आटोक्यात आला. ख्रिस्तसभेच्या नियमात हे चोख बसतं.

दुसरीची झडप लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने आकसलेली. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. ते त्या अरुंद वाटेतून पुढे सरकेना, आठव्या महिन्यात फुप्फुसांत पाणी भरलं. बाळ-बाळंतीण वाचली, पण बलूनने झडप रुंद होईपर्यंत पुन्हा दिवस राहता कामा नयेत. मिरेना हिलाही चालते. पण हिला जादा स्राव नाही, म्हणून हिच्यासाठी तीच वस्तू पाप!

हे मला मान्य नाही, आणि मी हे श्रद्धेतूनच म्हणते. झडपेचा आजार जीव घेतो तो गरोदरपणात. तिथे त्याला अडवणं हा त्याच आजारावरचा उपचार आहे. रक्तदाबाची गोळी आम्ही पक्षाघात होण्याआधीच देतो, तिला कुणी उपचार नव्हे असं म्हणत नाही. आणि हेतूच पाहायचा, तर जन्मलेल्या लेकराला आई राहावी, एवढाच तिचा हेतू आहे.

सुरक्षित दिवस पाळा, असं सांगितलं जातं. अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळीच परतलेली नाही, दिवस मोजायचे कुठून? मग उरतो तो पूर्ण संयम. डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी गर्भनिरोधनाचा प्रचार करणाऱ्या मार्गारेट सँगर यांच्यापुढे संयमाचाच आग्रह धरला होता. संयमाचा मला मनापासून आदर आहे. पण तो दोघांनी पाळायचा असतो, आणि मोडला तर जीव एकीचाच जातो.

“मॅडम, फादरांना सांगावं लागेल का?” त्या दुसरीने विचारलं.

“बाय, सांगायचं असेल तर आठव्या महिन्यात काय झालं तेही सांग. हवं तर मी येते बरोबर.”