मुक्या जिवाचं औषध आणि प्रमादाचा प्रश्न

कुत्र्याच्या अंगावर गोचीड दिसले की सांगली-साताऱ्याकडचा शहरी माणूस आता औषधाच्या दुकानाआधी मोबाइल उघडतो. औषध घरपोच येतं, बऱ्याचदा स्वस्तही पडतं. हे सुरक्षित आहे का, असं विचारलं की चर्चा बनावट माल आणि परवाने यांच्याभोवती फिरते. ते मुद्दे खरेच आहेत. पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न तसाच राहतो. ज्या जिवाला मळमळतंय, दुखतंय हे सांगता येत नाही, त्याच्या पोटात किंवा कातडीवर आपण काही घालतो, तेव्हा आपल्याला किती माहीत असायला हवं? हा व्यवहाराचा नव्हे, अहिंसेचा प्रश्न आहे असं मी मानतो. सांगली भागात दिगंबर जैन समाज मोठा आहे, दक्षिण भारत जैन सभेचं काम याच शहरातून चालतं. त्यामुळे उत्तराची सामग्री घरातच आहे.

जैन आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या केली ती केवळ प्राण जाण्यावर नाही, तर प्रमादातून, म्हणजे बेसावधपणातून, प्राण जाण्यावर. कुंदकुंदाचार्य प्रवचनसारात याच्याही पुढे जातात. जपून पाऊल टाकणाऱ्या मुनीकडून एखादा जीव मेला तरी त्याला हिंसेचा बंध, म्हणजे कर्माचं बंधन, नाही. बेफिकीर चालणारा मात्र हिंसकच, जीव मरो वा वाचो. हा विचार पचायला अवघड आहे, कारण तो परिणामावर बोट ठेवायला तयार नाही. ‘आम्ही नेहमी असंच मागवतो, आमच्या कुत्र्याला कधी काही झालं नाही’ हा बचाव त्यापुढे टिकत नाही. कुत्रं वाचलं हे त्याचं नशीब. मालकाने काळजी घेतली होती का, हा प्रश्न वेगळा.

आणि काळजी न घेण्याला इथे भरपूर वाव आहे. कुत्र्यांच्या गोचिडांवर मानेवर सोडायच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते सोसतं, मांजराला झटके येऊन ते मरू शकतं, कारण ते विष निकामी करण्याची मांजराच्या यकृताची ताकद तोकडी असते. माणसाच्या तापावरचं पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणं ठरतं, तेही याच कारणाने. आयव्हरमेक्टिन जनावरांच्या जंतांवर सर्रास वापरलं जातं, पण कोलीसारख्या जातींच्या काही कुत्र्यांत जनुकीय दोषामुळे ते मेंदूपर्यंत पोचतं. लशींचं आणखी वेगळं: त्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात, आणि एप्रिलच्या उन्हात जतकडे निघालेल्या पार्सलच्या गाडीत काय तापमान होतं हे खोक्यावर छापलेलं नसतं. रेबीजची लस अशी निकामी झाली तर धोका कुत्र्यापाशी थांबत नाही, घरातल्या पोरांपर्यंत येतो. यातली कुठलीच माहिती गुप्त नाही. फक्त ती विचारणारं आणि सांगणारं माणूस मोबाइलवरच्या खरेदीत मधून गळून जातं.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. सगळे परिणाम कुणालाच आधी कळत नाहीत. मग जबाबदारीची ही मागणी अवास्तव नाही का? डायक्लोफिनॅकचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. सुजेवर ते गायीबैलांना भक्तिभावाने दिलं गेलं, जनावरांना आरामही पडला. पण मेलेली जनावरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९० टक्क्यांहून जास्त घटली. हे कारण २००४ साली शास्त्रज्ञांनी उघड केलं. त्याआधी औषध देणाऱ्या शेतकऱ्याला मी प्रमादी म्हणणार नाही. २००६ साली जनावरांसाठी बंदी आली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या. शेवटी २०१५ साली त्यांचा आकार ३ मिलिलीटरवर आणावा लागला. या दुसऱ्या काळातल्या वापराला अज्ञान म्हणता येत नाही. म्हणजे मागणी सर्वज्ञतेची नाही. जे कळू शकतं ते विचारून घेण्याची आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. माणदेशात, आटपाडीत, जनावरांचा डॉक्टर कोसभर लांब असेल तर मेंढपाळाने करायचं काय? आणि चिठ्ठी न मागता औषध देणारी दुकानं चौकातही आहेतच. एकट्या इंटरनेटला दोष का? बरोबर. दोष माध्यमाचा नाही. पदवीधर पशुवैद्याने जनावर पाहून, वजन-वय विचारून चिठ्ठी दिली असेल आणि परवानाधारक विक्रेत्याकडून, तुकडी क्रमांक व मुदत तपासून औषध मागवलं असेल, तर ते कुरियरने आलं म्हणून त्यात हिंसा शिरत नाही. १९४५च्या औषध नियमांत अशी तरतूद आहे की जनावरासाठीच्या चिठ्ठीवर मालकाचं नाव-पत्ता असावा. उत्तर देणारं कुणीतरी नावानिशी असलंच पाहिजे, हे कायद्याने जाणलं होतं. ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा मात्र २०१८ साली निघाला आणि वर्षानुवर्षे मसुदाच राहिला.

मेंढपाळाबद्दल मात्र उत्तर अर्धंच देता येतं. १९६२ या क्रमांकावर फिरता पशुवैद्यकीय दवाखाना बोलावता येतो, शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण गाडी वेळेवर पोचली नाही आणि त्याने शेजाऱ्याच्या सांगण्यावरून औषध मागवलं, तर त्याचा प्रमाद मोजताना गावातला दवाखाना चालू ठेवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांचाही हिशेब मांडावा लागेल. सातारा शहरात, दोन गल्ल्यांवर डॉक्टर असताना, कंटाळा म्हणून मोबाइलवर बोट टेकवणाऱ्याला ही सवलत नाही.