लढून आलेल्यांना परत कोण घेणार?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात सुमारे ४४ हजार मूळनिवासी होते. त्या वेळी त्यांची देशभरातली लोकसंख्या चार लाखांच्याही आत होती. लेकरे, म्हातारे, बायका सगळे धरले तरी दर नऊ माणसांमागे एक जण गणवेशात होता. त्यांना सरसकट नागरिकत्व मिळाले ते १९२४ साली, आणि त्यानंतरही न्यू मेक्सिको राज्याने त्यांना मतदानापासून दूरच ठेवले. इस्लेटा प्वेब्लो या मूळनिवासी गावाचे मिगेल त्रुहियो मरीन दलात सार्जंट होते, पेशाने शिक्षक. १९४८ मध्ये ते मतदार म्हणून नाव नोंदवायला गेले तर त्यांना परत पाठवण्यात आले. ते संघीय न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खटला जिंकले. त्याच न्यू मेक्सिकोत, त्याच वर्षी लेस्ली मार्मन सिल्को यांचा जन्म झाला. त्या लगूना प्वेब्लोत वाढल्या आणि १९७७ मध्ये त्यांची ‘सेरेमनी’ ही कादंबरी आली. मताचा हक्क न्यायालय देऊ शकले. सिल्को त्याच्या पुढचे विचारतात: आपण ज्याला मारायला पाठवले, त्याला परत आपल्यात घेण्याची जबाबदारी कोणाची? माझ्या मते ती पाठवणाऱ्या सगळ्यांची आहे, आणि पदक किंवा पेन्शन देऊन ती संपत नाही.

कादंबरीचा नायक तायो लगूनाचा, पण अर्ध्या रक्ताचा, म्हणून घरातही थोडा उपराच. मावसभाऊ रॉकीबरोबर तो भरती होतो. रॉकी फिलिपिन्समध्ये जपान्यांच्या कैदेत, पावसापाण्यातून चालवत नेले जात असताना मरतो. तायो परत येतो तो पोखरलेला. एक प्रसंग त्याची पाठ सोडत नाही. जपानी कैद्यांना गोळ्या घालायचा हुकूम होतो आणि समोरच्या रांगेत त्याला आपल्या मामाचा, जोसायाचा चेहरा दिसतो. त्याच्याने गोळी झाडवत नाही. हा तापातला भास आहे, असे रॉकी समजावतो आणि पुढे डॉक्टरही तेच सांगतात. तिकडे जंगलात भावाला वाचवण्यासाठी त्याने पावसाला शाप दिलेला असतो, आणि घरी येतो तर दुष्काळ पडलेला, गुरे हडकलेली. हे आपल्यामुळेच झाले, असे त्याच्या मनाने घेतलेले असते. लष्करी रुग्णालयात त्याला सांगतात की, बरे व्हायचे असेल तर इतरांचा विचार सोड, फक्त स्वतःचा कर. सिल्को यांचा या उपायावरच आक्षेप आहे. हा माणूस आजारी पडला तो सगळे एकमेकांत गुंतलेले आहे हे दिसल्यामुळे, आणि त्याला औषध दिले जाते ते सगळे तोडून टाकण्याचे.

गावातला म्हातारा उपचारक, आपल्याकडे भगत असतो तसा, त्याच्याकडे येतो. कू-ऊश त्याचे नाव. शत्रूला मारून आलेल्या लढवय्याला गावात घेण्यापूर्वी करायचा जुना विधी त्याला येतो. पण त्या विधीत एक गोष्ट गृहीत आहे: मारणाऱ्याला आपण कोणाला मारले ते ठाऊक असते. तायोला ते ठाऊक नाही. आपल्या हातून कोणी मेले की नाही, हेच त्याला सांगता येत नाही. दुरून, न बघता, शेकडोंनी माणसे मारता येतात ही कल्पनाच म्हाताऱ्याच्या आवाक्याबाहेरची आहे. कादंबरीतला सर्वांत खोल विचार मला इथे दिसतो. जुन्या समाजांनी हत्येला हिशेब लावला होता. मारणे कधी अपरिहार्य ठरले तरी ते निष्पाप ठरत नसे, आणि त्याचा विटाळ गावाने मिळून उतरवायचा असे. आपल्याकडे घरात मृत्यू झाला की सुतक एकट्याला नसते, भावकीला असते, तसेच काहीसे. आधुनिक युद्धाने मारण्याची ताकद अनेक पटींनी वाढवली आणि हा हिशेब मात्र पुसून टाकला. मारणारा एकटा, त्याची रात्र एकट्याची, त्याची बाटलीही एकट्याची.

यावर कोणी म्हणेल, ते स्वखुशीने गेले होते, त्यांना कोणी ओढून नेले नव्हते. अनेकांच्या बाबतीत ते खरेही आहे. तायो आणि रॉकी स्वतःच सही करतात. पण भरतीचा अधिकारी त्यांना काय देऊ करतो ते पाहावे. अमेरिकेसाठी तुम्हीही लढू शकता, एवढे तो सांगतो, आणि आजवर कोणी ‘तुम्हीही’ म्हटलेले नसल्यामुळे ते पुरेसे ठरते. गणवेश अंगावर असेपर्यंत दारूच्या गुत्त्यात जागा मिळते, लोक हसून बोलतात. गणवेश उतरला की बसस्थानकावरची गोरी बाई सुटे पैसे हाताला हात लागू न देता टाकतो. महाराष्ट्राला हे ऐकून नवल वाटू नये. महारांची भरती इंग्रजांनी १८९०च्या दशकात बंद केली, पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभारली, आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. त्याच समाजाला १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पुढचे महायुद्ध आले आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. माणसाला जी प्रतिष्ठा जन्मतः मिळायला हवी ती लढाईच्या मोबदल्यात देऊ केली, तर त्या सौद्याला स्वखुशी म्हणता येते, पण त्यातून सौदा करणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. उलट वाढते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. शाप, दुष्काळ, विधी या गोष्टींनी मनाचे आजार बरे होतात असे सांगणे म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी नव्हे का? ज्या महाराष्ट्रात भोंदू बुवांच्या विरोधात कायदा करावा लागला, तिथे हा प्रश्न टाळता येणार नाही. उपचार मिळायलाच हवेत, आणि ते शास्त्राचेच हवेत. पण त्या काळचे शास्त्र काय सांगत होते? युद्धाच्या आघातातून होणाऱ्या आजाराला अमेरिकी मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आजचे स्थान मिळाले १९८० मध्ये, म्हणजे कादंबरीनंतर तीन वर्षांनी. हातून घडलेल्या किंवा डोळ्यांदेखत घडू दिलेल्या कृत्याची जखम भीतीच्या जखमेहून वेगळी असते, हे तज्ज्ञ मांडू लागले ते त्याहूनही नंतर. आज तिथल्या काही माजी सैनिक रुग्णालयांच्या आवारात मूळनिवासींच्या शुद्धिविधीसाठी जागा आहे, औषधांच्या जोडीने. शिवाय सिल्को जुन्याची आंधळी पूजा करत नाहीत. तायोला खरी मदत करतो तो बेटोनी, गॅलप शहराच्या काठावर राहणारा, जुनी कॅलेंडरे आणि टेलिफोन डिरेक्टऱ्यांचे ढीग साठवणारा म्हातारा. विधी बदलले नाहीत तर मरतात, असे तो स्पष्ट सांगतो. आणि जपानी कैद्यात मामा दिसला हा भास नव्हता, हेही तोच सांगतो. हजारो वर्षांमागे जा, ती माणसे परकी नव्हतीच. शत्रूत नातलग दिसणे हा रोग, की त्याच्यावर गोळी झाडता येणे हा रोग? माझे उत्तर कादंबरीच्या बाजूचे आहे.

तिसरा आक्षेप खुद्द लगूना नाते असलेल्या अभ्यासक पॉला गन ॲलन यांचा. कुळाबाहेर सांगायच्या नसलेल्या कथा सिल्को यांनी छापल्या, असे त्यांनी १९९० मध्ये लिहिले. मला हा आक्षेप खोडून काढता येत नाही, आणि तो खोडण्याचा अधिकार बाहेरच्या वाचकाला नाही. तो मानला तर वाचण्याची रीत बदलते. त्यांचे विधी, त्यांची गाणी आपण उचलायची नाहीत. आपल्यापुरते घ्यायचे ते एवढेच, की आपल्या नावावर जे मारणे झाले त्याचा वाटा आपल्याकडेही येतो.

तो वाटा नाकारला तर काय होते, हे ईमो दाखवतो. तोही लढून आलेला, पण मेलेल्या जपान्यांचे दात पिशवीत घेऊन हिंडणारा. त्याला कोणी परत घेतलेलेच नाही, म्हणून तो युद्धातच राहिला आहे. शेवटाकडे एका बंद युरेनियम खाणीजवळ ईमो तायोच्याच मित्राला हालहाल करून मारतो. तायो लपून बघतो. हातात स्क्रूड्रायव्हर असतो, संताप असतो, आणि तरीही तो ईमोला मारत नाही. इथे अनेक वाचक अडखळतात, कारण मित्र वाचला असता. मलाही हा निर्णय सोपा वाटत नाही. पण तायोने त्या रात्री मारले असते तर शहाण्यासुरत्यांनी त्याला दारुडा, वेडा झालेला माजी सैनिक म्हणून मोडीत काढले असते आणि युद्धाचे खापर त्या एकट्यावर फुटले असते. तसे होत नाही. त्या रात्रीनंतर गावातले वडीलधारे त्याला किवात, म्हणजे त्यांच्या धर्मकार्याच्या खोलीत बसवतात आणि त्याची हकीकत पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून घेतात. उपचार तिथे पुरा होतो.

युरेनियमची खाण ही सिल्को यांची निव्वळ कल्पना नाही. लगूनांच्याच जमिनीवर, पगुआते गावाला लागून, जॅकपाइल ही उघडी युरेनियम खाण १९५३ पासून चालू होती. अमेरिकेच्या अणुबॉम्बसाठी तिथून खनिज जात होते. कादंबरीतली खाण बंद आहे; ही मात्र कादंबरी छापली गेली तेव्हाही चालू होती. १९८२ मध्ये ती बंद झाली, आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या सरकारने तिला देशातल्या सर्वांत घातक प्रदूषित जागांच्या यादीत घातले.