नावातला 'रोड'

डहाणू लोकलने केळव्याच्या समुद्रावर निघालात, तर उतरायचं 'केळवे रोड'ला. गाव आणि किनारा तिथून काही किलोमीटर पश्चिमेला. स्टेशनचं नाव नुसतं 'केळवे' असतं, तर नवखा माणूस फसला असता. 'रोड' हा शब्द त्याला आधीच सांगतो: इथून रस्ता आहे, गाव नाही.

जावास्क्रिप्टच्या 'सॉर्ट'ला असा 'रोड' नाही. ९ आणि १० दिले, तर ते १० आधी लावतं, कारण आकड्यांची तुलना ते शब्दांसारखी करतं. वर मूळ यादीच बदलून टाकतं. डॉक्युमेंटेशनमध्ये हे सगळं लिहिलंय, म्हणजे खोटं कुणीच बोललं नाही. पण नाव सगळे वाचतात, डॉक्युमेंटेशन अडल्यावर. खरी गोष्ट उशिरा सापडेल अशा जागी ठेवणं, हा प्रामाणिकपणा झाला का?

२०२३ मध्ये मूळ यादीला हात न लावणारं 'टूसॉर्टेड' आलं. जुनं 'सॉर्ट' मात्र तसंच राहिलं. असंख्य वेबसाइट्स त्यावर उभ्या आहेत. नाव ठेवणारा एकदाच ठरवतो, वापरणारे रोज निस्तरतात. म्हणून नाव देताना बघायची ती पहिल्यांदाच उतरणाऱ्याची सोय. नाहीतर लोक नावं ठेवणारच!