शिवणारा तारणारा

मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे कुष्ठरोग्याने वस्तीबाहेर राहावे, असे होते (लेवीय १३:४६). असा एक मनुष्य गालीलात प्रभूपुढे गुडघे टेकितो. प्रभूच्या सामर्थ्याविषयी त्याला शंका नाही. शंका आहे ती इच्छेविषयी. प्रभूला केवळ शब्दाने त्याला बरे करिता आले असते. परंतु कळवळा येऊन त्याने आधी त्याला स्पर्श केला (मार्क १:४१). तो शुद्ध होऊन जिकडेतिकडे ही वार्ता सांगू लागला, आणि प्रभूला मात्र गावाबाहेर राहावे लागले. पुढे वेशीबाहेरच त्याने आपणांसाठी दुःख सोसले (इब्री १३:१२). आपल्या पातकाचा विटाळ न मानिता त्याने आपणांस शिवले. मग आपण कोणाला वेशीबाहेर ठेविले आहे? त्या बंधूच्या दारी आजच जाऊ या.