चारचौघांसारखे होणे हा सद्गुण आहे काय?

मूल चारचौघांसारखे निपजावे, अशी बहुतेक घरांची इच्छा असते. ते मागे पडले तर आईबाप कष्टी होतात. पुढे गेले तर शेजारपाजार. 'फार शेफारला' हा शेरा मग त्याच्या कानी येऊ लागतो, आणि पुष्कळ मुले तो टाळण्यासाठी आपली बुद्धी झाकून ठेवण्यास शिकतात. येथे प्रश्न उपस्थित होतो की, असे मिळते घेणे हा विनय म्हणावा, की आत्मघात?

विनयाची महती कोणी नाकारणार नाही. आज्ञापालनावाचून विद्या नाही, नियमावाचून आचार नाही. तथापि नियम दोन प्रकारचे असतात. एक वेलीला मांडव देतो; दुसरा तिला उगवल्या जागीच दडपतो. दोहोंचे बाह्य रूप सारखे दिसते, म्हणून भ्रम होतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी परळच्या चाळीत सुभेदार रामजी सकपाळ यांचा पुत्र भीमराव राहत असे. एल्फिन्स्टन हायस्कुलात गणित सोडविण्यासाठी त्यास फळ्याकडे बोलाविले, तेव्हा फळ्यामागील आपले डबे विटाळतील म्हणून वर्गातील मुलांनी गलका केला. संस्कृत शिकण्याची इच्छा असता त्यास फारसी घ्यावी लागली. गलका करणारी मुले जन्मतः दुष्ट नव्हती. सर्वांनी केले तेच त्यांनी केले. एकाच दडपणाने एकास वर येण्यापासून अडविले, आणि इतरांस न्याय ओळखण्यापासून.

परंतु पिता उत्तररात्री मुलास अभ्यासाला उठवीत असे. चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणारा हा मुलगा कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांच्या दृष्टीस पडला. 1907 साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा झालेल्या सत्कारात केळुसकरांनी त्यास स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले. पुढे त्यांच्याच खटपटीने सयाजीराव गायकवाडांकडून दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. 1912 मध्ये भीमराव पदवीधर झाले. नाकारलेले संस्कृत त्यांनी पुढे स्वप्रयत्नाने साध्य केले.

पित्यापाशी धन नव्हते, केळुसकरांपाशी सत्ता नव्हती. समुदाय काय म्हणेल हे पाहण्याआधी दोघांनी मुलाची योग्यता पाहिली, एवढाच फरक.

सारांश, नियमाची कसोटी सोपी आहे. तो मुलास श्रेष्ठापुढे नमवितो, की केवळ बहुसंख्येपुढे? पहिला विनय होय, दुसरे भय. भयाला विनयाचे नाव देऊन ते लेकराच्या पदरी बांधणे, हा वडीलधाऱ्यांचा दोष आहे, लेकराचा नव्हे.