तळातले साक्षीदार



मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकली येथे कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला, तेव्हा आपण सारे हळहळलो. मात्र मासे मरण्याची वाट न पाहताही नदीची प्रकृती कळू शकते.

बाटलीत भरलेले पाणी त्या घटकेपुरते बोलते. रात्री कोणी मळीमिश्रित पाणी सोडले, तर सकाळची बाटली कदाचित निर्दोष ठरेल! दगडाखालचे किडे मात्र रात्रंदिवस तिथेच असतात. मेफ्लाय, स्टोनफ्लाय यांच्या अळ्यांना भरपूर प्राणवायू लागतो. त्या नाहीशा होऊन तांबड्या अळ्या आणि बारीक कृमीच उरले, की पाणी बिघडले समजावे. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात या जीवांच्या कुळांना १ ते १० गुण देण्याची पद्धत ठरली; पुढे आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही ती भारतीय नद्यांसाठी जुळवून घेतली.

पण अळी मेली म्हणजे आपल्याला सूचना मिळाली, एवढेच का? जो जीव घर सोडून जाऊ शकत नाही, त्याला नुसते मोजमापाचे साधन मानावे काय? साताऱ्याजवळ माहुलीच्या पात्रात दगड उलटून जीव मोजणाऱ्याने तो पुन्हा होता तसा ठेवावा, एवढा तरी त्या जिवांचा हक्क आम्ही मानतो. मग मळी सोडणाऱ्याला, आणि नदीला मिळणाऱ्या आपल्याच गटारांना, कोणता न्याय लावायचा?